ईईजीत तीच दोन चॅनल पुन्हा पुन्हा खराब येतायत? इलेक्ट्रोड बदलण्याआधी हे तपासा

आमच्याकडे ईईजीत, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विजेच्या लाटा नोंदवायच्या तपासणीत, हा त्रास जवळजवळ पाच महिने चालला होता. डाव्या टेम्पोरल (कानशिलाच्या) बाजूची दोनच चॅनल, एफ-७ ते टी-३ आणि टी-३ ते टी-५ (ही डोक्यावर इलेक्ट्रोड लावायच्या जागांची नावं), मध्येच उडायची. दहा-दहा मिनिटं छान चालायची आणि पेशंट कुशीवर वळून झोपला रे झोपला की सुरू. इलेक्ट्रोड बदलला, पेस्ट नवीन उघडली, कातडी पुन्हा घासली, इम्पीडन्स (कप आणि कातडीमधला विजेचा अडथळा) बघितला तर ३ किलोओहम, म्हणजे उत्तम, आणि तरीही तेच. मी चौदा वर्षं ईईजी काढतेय, पण या एका बिघाडापायी इलेक्ट्रोड म्हणजे काय आणि चॅनल म्हणजे काय हे परत मुळापासून समजून घ्यावं लागलं. ते समजल्यावर बिघाड वीस मिनिटांत सापडला. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण लहान गावात एकट्याने मशीन सांभाळणाऱ्या टेक्निशियनला विचारायला शेजारी कुणी नसतं.

इलेक्ट्रोड म्हणजे डोक्यावर चिकटवतो तो कप, चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेला, त्याची वायर आणि टोकाची पिन. बस. तो कुठे लावायचा हे १०-२० सिस्टिम सांगते, जी जॅस्परने १९५८ साली मांडली आणि आजही आपण तीच वापरतो. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, समजा ३६ सेंटीमीटर आलं, तर पहिली खूण १० टक्के म्हणजे ३.६ वर आणि पुढच्या खुणा २० टक्के म्हणजे ७.२ च्या अंतराने. विषम आकडे डावीकडे, सम आकडे उजवीकडे, मधल्या रेषेवर झेड. डोक्यावर १९, कानांना २, असे २१ आणि वर एक ग्राउंडचा इलेक्ट्रोड. अंदाजाने लावू नका, टेप लावाच, कारण एक बाजू दीड सेंटीमीटर पुढे गेली तर दोन्ही बाजूंची उंची वेगळी दिसते आणि रिपोर्टिंगला बसलेल्या डॉक्टरला वाटतं मेंदूतच फरक आहे.

आता चॅनल. इथेच सगळे अडखळतात. चॅनल म्हणजे इलेक्ट्रोड नाही, चॅनल म्हणजे दोन जागांमधला फरक. तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात एफ-७, दुसऱ्या पारड्यात टी-३, आणि स्क्रीनवर जी रेष पळते ती फक्त मधला काटा. काटा हलला तर या पारड्यात वजन वाढलं की त्या पारड्यातलं कमी झालं हे नुसत्या काट्याकडे बघून कळत नाही, कधीच नाही. हान्स बर्गरने १९२४ साली जर्मनीत येना इथे माणसाचा पहिला ईईजी काढला तेव्हाही असाच दोन जागांमधला फरक मोजला होता, आणि आजच्या ३२ चॅनलच्या मशीनमध्येही तेच चालतं, फक्त तराजू जास्त. मग 'टी-३ चं चॅनल खराब आहे' हे वाक्यच अर्धवट आहे. टी-३ आणि कोण?

यात अजून एक गोंधळ आहे, कारण चॅनल हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. एक म्हणजे हेडबॉक्सच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या पिना खोचायच्या डब्याच्या, मागचा अँप्लिफायरचा इनपुट, तो प्रत्येक इलेक्ट्रोडला एक असतो. दुसरं म्हणजे स्क्रीनवरची रेष. डिजिटल मशीन आतमध्ये प्रत्येक इलेक्ट्रोड एका ठरावीक रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या एका इलेक्ट्रोडच्या, तुलनेत साठवून ठेवतं, आणि मग आपण जो मॉन्टाज (रेषांच्या जोड्यांची मांडणी) निवडतो त्याप्रमाणे वजाबाकी करून रेषा काढतं. म्हणजे एफ-७ वजा रेफरन्स, त्यातून टी-३ वजा रेफरन्स वजा केलं की रेफरन्स उडून जातो आणि एफ-७ ते टी-३ उरतं. डबल बनाना नावाचा मॉन्टाज लावला की डाव्या-उजव्या बाजूच्या १६ आणि मधल्या २ अशा १८ रेषा दिसतात, पण म्हणून काही आत १८ इनपुट वापरात नसतात. मशीन घेताना '३२ चॅनल' म्हटलं तरी त्यातले डोक्याला २१ च लागतात, बाकीचे ईसीजी, डोळ्यांची हालचाल, स्नायू वगैरेंसाठी कामाला येतात. मी पहिल्यांदा सर्व्हिसला फोन केला तेव्हा सांगितलं, 'चॅनल दोन आणि तीन खराब आहेत'. आमच्या स्क्रीनवर डावी टेम्पोरल साखळी सगळ्यात वर असते, त्यामुळे माझ्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी रेष. आलेल्या माणसाने इनपुट दोन आणि तीन तपासले, ते आमच्या हेडबॉक्सवर एफपी-२ आणि एफ-३ चे निघाले, दोन्ही ठणठणीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याने 'सगळं ओके' लिहून दिलं, व्हिजिटचे पैसे गेले आणि पुढच्याच पेशंटला त्रास पुन्हा हजर. तेव्हापासून मी फोनवर रेषेचा नंबर सांगतच नाही, इलेक्ट्रोडचं नाव आणि हेडबॉक्सवरचा जॅक सांगते.

बरं, मग दोन रेषा एकदम खराब झाल्या तर काय समजायचं? बायपोलर साखळीत, म्हणजे शेजारच्या इलेक्ट्रोडच्या एकापुढे एक लावलेल्या जोड्यांत, प्रत्येक इलेक्ट्रोड दोन तराजूंत बसलेला असतो, पहिल्या तराजूच्या उजव्या पारड्यात आणि पुढच्या तराजूच्या डाव्या पारड्यात. टी-३ उडाला की एफ-७ ते टी-३ चा काटा एका बाजूला जातो आणि टी-३ ते टी-५ चा बरोबर उलट. दोन शेजारच्या रेषा आरशात बघितल्यासारख्या उलट-सुलट आल्या तर दोघींमध्ये सामाईक कोण ते शोधा, दोष तिथे आहे. एफ-७ ला हात लावू नका, टी-५ ला हात लावू नका, त्यांची काही चूक नाही.

आणि हीच गोष्ट घातक पण आहे. खरा टेम्पोरल स्पाइक (अपस्मारात दिसणारी टोकदार लाट) आला तरी टी-३ वर असाच फेज रिव्हर्सल दिसतो, दोन रेषांची टोकं एकमेकींकडे. म्हणजे सैल झालेला एक इलेक्ट्रोड अपस्माराचं सोंग हुबेहूब घेऊ शकतो. फरक ओळखायचा तर शेजाऱ्यांकडे बघा. खरी लाट मेंदूतून येते, ती एका नाण्याएवढ्या जागेवर थांबत नाही, एफ-७ वर, टी-५ वर, थोडी सी-३ वर पण उतरते, त्यामुळे साखळीतल्या वरच्या-खालच्या रेषांतही तिचा अंश दिसतो आणि दोन उलट्या लाटा अगदी हुबेहूब जुळत नाहीत. इलेक्ट्रोडची लाट मात्र एकट्या टी-३ वरच, चढताना एकदम सरळ उभी, उतरताना हळू, आणि शेजारी शांत. रेफरन्शियल मॉन्टाज, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोड रेफरन्सच्या तुलनेत, लावून बघा, एका क्षणात कळतं. एकाच इलेक्ट्रोडवर दिसणारी गोष्ट खरी सिद्ध होईपर्यंत ती आर्टिफॅक्टच (मेंदूबाहेरून आलेली खोटी लाट) समजायची.

हे मी इतकं जीव तोडून का सांगतेय, तर आमच्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आली होती, पहाटेच्या एसटीने, रात्रभर जागवलेली, आई तिला मांडीवर थोपटत होती. ती झोपली, डाव्या कुशीवर वळली आणि टी-३ वर टोकदार लाटा सुरू झाल्या. मी तीनदा कप काढून लावला, तिची कातडी लाल झाली, ती उठून रडायला लागली, आई म्हणाली, 'ताई, अजून किती वेळ?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्टिंगच्या डॉक्टर मॅडमनी रेकॉर्ड बघून सांगितलं की हे मी स्पाइक म्हणून लिहिणार नाही, पण हे आर्टिफॅक्ट आहे असंही छातीठोक लिहू शकत नाही, परत बोलवा. परत बोलवणं म्हणजे आईचा अजून एक दिवसाचा रोज बुडणार. आणि घाईत कुणी 'लेफ्ट टेम्पोरल' लिहून टाकलं असतं तर त्या पोरीला कदाचित वर्षानुवर्षं गोळ्या लागल्या असत्या, एका वायरपायी.

आता एकच रेष खराब असेल तर. डबल बनानात एफझेड आणि पीझेड सोडले तर प्रत्येक इलेक्ट्रोड निदान दोन रेषांत येतो, म्हणजे इलेक्ट्रोड खराब असता तर दोन रेषा बिघडायला हव्या होत्या. एकटी एफ-३ ते सी-३ च सपाट पडली असेल आणि वरची खालची छान चालत असेल तर इलेक्ट्रोड बदलून काहीही होणार नाही, पेस्ट बघा. पेस्ट जास्त झाली की एका कपातून दुसऱ्या कपापर्यंत वाहते, दोन्ही जागा एकच होतात, फरक शून्य, रेष सपाट. लहान बाळांच्या डोक्यावर आणि इलेक्ट्रोडच्या टोपीत जेल भरताना हे फार होतं. गंमत म्हणजे इम्पीडन्स अशा वेळी झकास दिसतो. म्हणून आकडा खूपच कमी, अगदी शंभर ओहमच्या खाली आला तर खूश होऊ नका, संशय घ्या. मधला भाग कोरड्या गॉजने पुसून घ्या, दोन्ही कप कमी पेस्ट घेऊन परत बसवा.

सगळ्याच रेषा एकदम खराब? मग बाकीचे १९ सोडा आणि रेफरन्स, ग्राउंड हे दोनच बघा. बायपोलर लावल्यावर सगळं स्वच्छ झालं आणि रेफरन्शियलमध्ये मात्र सगळीकडे तीच एक लाट, तर रेफरन्स सैल आहे, कारण वजाबाकीत तो उडून जातो. बायपोलरमध्येही सगळं थरथरतंय तर आधी ग्राउंड. आणि अॅव्हरेज रेफरन्स, म्हणजे सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी, लावून कधीही बिघाड शोधू नका, मी यात बराच वेळ घालवलाय. समजा टी-३ वर १९० मायक्रोव्होल्टचा झटका आला तर १९ जणांची सरासरी १० ने सरकते, मग टी-३ वर १८० दिसतो आणि उरलेल्या १८ चांगल्या इलेक्ट्रोडवर १०-१० चा उलटा ठिपका उमटतो. एकाचं पाप अठरा जणांच्या माथी, आणि आपण अख्खं डोकं परत घासत बसतो.

५० हर्ट्झचं, म्हणजे लाइटीच्या विजेच्या गडबडीचं, वेगळं सांगायला पाहिजे कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात, जाडजूड काळी पट्टी झाल्यासारखी रेष. पहिली गोष्ट, सेटअप करताना नॉच, म्हणजे ५० हर्ट्झ कापणारा फिल्टर, बंद ठेवा. नॉच लावला की पट्टी दिसेनाशी होते पण जो इलेक्ट्रोड ती आणतोय तो सैल तो सैलच राहतो, आणि मग तासाभराने तोच पॉप (अचानक उडणारी उभी लाट) देतो. दुसरी गोष्ट, लाइटीचा आवाज (हीच गडबड) दोन्ही पारड्यांत सारखा पडला तर तराजू तो कापून टाकतो, वजाबाकीच आहे ती. पण एका कपाचा इम्पीडन्स ३ आणि शेजारच्याचा २५ असेल तर दोन्हीकडे आवाज सारखा पडत नाही आणि उरलेला रेषेवर दिसतो. म्हणून सगळे ५ किलोओहमच्या आत हा जुना नियम, नव्या गाइडलाइनमध्ये १० पर्यंत चालवतात, पण माझ्या मते आकडे एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं, सगळे ७ च्या आसपास असलेले मला चालतात, एक १ आणि एक १२ नाही चालत.

एक-दोनच रेषांवर पट्टी असेल तर कप, सगळीकडे असेल तर खोली. खोलीत काय काय असतं बघा, मोटरवाली कॉट प्लगला लावलेली, उशीखाली मोबाइल चार्जिंगला, एअरबेडचा पंप, जवळचा सलाइनचा पंप. एकेक प्लग काढत जा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. लॅपटॉपवर चालणारं मशीन असेल तर दोन मिनिटं बॅटरीवर चालवा, पट्टी गेली तर दोष लाइटीत. आमच्या जुन्या इमारतीत दर एप्रिल-मेमध्ये हे वाढायचं आणि आम्ही मशीनला दोष द्यायचो, शेवटी वायरमनने सांगितलं की अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. पाणी घातलं, पट्टी अर्ध्यावर आली, मग खड्डाच नव्याने भरून घेतला. आणि एक हात जोडून सांगणं, पेशंटचं ग्राउंड आणि भिंतीतलं अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज जावा म्हणून पेशंटच्या ग्राउंडची वायर पाइपला, कॉटला किंवा अर्थ पिनला कधीही जोडू नका, आणि पेशंटला दुसरं मशीन लावलेलं असेल तर त्याचं ग्राउंड आणि आपलं ग्राउंड अशी दोन ग्राउंड अंगावर ठेवू नका. यात पेशंटला शॉक लागू शकतो.

तेलाचं काय सांगू. आपल्याकडे डोकं थंड राहावं म्हणून दवाखान्यात जायच्या दिवशी मुद्दाम चापून खोबरेल लावून आणतात, आणि ते प्रेमाने लावलेलं असतं त्यामुळे रागावू नका, अपॉइंटमेंट देतानाच सांगा की आदल्या रात्री शॅम्पूने धुऊन, तेल न लावता या. तरी आलेच तर स्पिरिटने भांग काढून काढून पुसा, मग घासायची पेस्ट, मग कप. कपात पेस्ट काठाच्या थोडी वर आली पाहिजे, दाबल्यावर कडेने जराशी बाहेर यावी, वरून गॉजचा चौकोन. सगळ्या रेषा समुद्रासारख्या संथ वर-खाली व्हायला लागल्या तर तो घाम, एसी वाढवा, चेहरा पुसा. आणि एकाच पेशंटला चांदीचे आणि सोन्याचे कप मिसळून लावू नका, दोन धातूंमुळे रेष तरंगत राहते.

नवीन टोपी घेतलीत तर नावं तपासा. जुना टी-३ म्हणजे नवा टी-७, टी-४ म्हणजे टी-८, टी-५ म्हणजे पी-७, टी-६ म्हणजे पी-८. टोपीवर नवीन आणि हेडबॉक्सवर जुनी नावं असली की चूक ठरलेलीच. सगळं लावून झालं की बोटाने एकेका कपावर हलकं टकटक करून स्क्रीनवर तीच जागा हलते का बघा, दोन मिनिटं लागतात. पेशंटला डोळे मिचकावायला सांगा, लाट पुढे एफपी-१, एफपी-२ वर यायला पाहिजे, मागे ओ-१ वर दिसली तर वायर उलटसुलट गेलीय.

आणि आता आमचं टी-३. मी सगळ्यात शेवटी केलं ते तुम्ही सगळ्यात आधी करा. डोक्यावरचं काहीही न हलवता हेडबॉक्सवर टी-३ आणि टी-४ च्या पिना अदलाबदल केल्या. दोष कपात किंवा वायरीत असता तर तो वायरीबरोबर टी-४ वर गेला असता. नाही गेला. टी-३ च्या रेषेवरच राहिला, म्हणजे जॅक. मग लगेच पिना परत जागेवर लावल्या आणि रेकॉर्डमध्ये अदलाबदल केल्याची वेळ टाइप केली, हे विसरू नका, नाहीतर तेवढा भाग डाव्याचा उजवा म्हणून वाचला जाईल. दोष वायरीबरोबर गेला असता तर मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावून वायर वाकवत वाकवत बघायची होती, बहुतेक वेळा ती कपाच्या मानेशी नाहीतर पिनेच्या मुळाशी तुटलेली असते, बाहेरून रबर अखंड दिसतं.

आमचा हेडबॉक्स कॉटच्या डाव्या कठड्याला लटकवलेला होता. पेशंट सरळ झोपलेला असताना वायर सैल, इम्पीडन्स ३, सगळं छान. कुशीवर वळला की वायर ताणली जायची आणि जॅक आतून हलायचा. मी बॉक्स हातात धरून वायर बोटभर ओढली आणि स्क्रीनवर टी-३ उभा राहिला, सोडली की शांत, परत ओढली, परत उभा. या वेळी फोनवर सांगितलं, 'हेडबॉक्सचा टी-३ जॅक, वायर ताणल्यावर जातो, इनपुट अदलाबदल करून पाहिलंय'. बॉक्स उघडल्यावर जॅकच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. नवीन सोल्डर केलं, बॉक्स कठड्यावरून काढून डोक्यामागे स्टँडवर ठेवला, सगळ्या वायरी एकत्र वेणीसारख्या बांधून मानेमागून नेल्या, आणि आता मी इम्पीडन्स सुरुवातीला एकदा, पेशंट कुशीवर वळल्यावर एकदा आणि संपताना एकदा असा तीनदा बघते.

त्या मुलीला नंतरच्या मंगळवारी परत बोलावलं, फी घेतली नाही. ती डाव्या कुशीवर वळली तेव्हा मी श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होते. पस्तीस मिनिटं झोपली, टी-३ ची रेष शेजाऱ्यांसारखीच शांत चालत राहिली.